स्टेरॉइड कमी केले की आजार परत येतो: अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये पुढचे औषध कसे ठरवावे?

वारणाकाठ (सांगली) यांचा प्रश्न:

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला (वय २७, पुण्यात नोकरी) गेल्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे निदान झाले. त्याआधी बरेच महिने त्याला शौचावाटे रक्त आणि आव पडत होती. सुरुवातीला मूळव्याध समजून आणि नंतर अमिबाचा संसर्ग समजून औषधे झाली. शेवटी दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी केली, तुकडा तपासायला पाठवला, तेव्हा आजाराचे नाव कळले. मेसालामिनच्या (आतड्याची सूज उतरवणाऱ्या) गोळ्या आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाल्यावर आठवडाभरात रक्त थांबले, भूक लागू लागली आणि घरात सगळ्यांना हायसे वाटले.

बरे वाटू लागताच त्याने मेसालामिन आपणहून बंद केले. आजार उलटला, पुन्हा स्टेरॉइड द्यावे लागले, आणि तेव्हापासून प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमच्या खाली आणले की मुरडा, रक्त आणि रात्री उठून जाणे पुन्हा सुरू होते. आता डॉक्टरांनी ॲझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅबचे इंजेक्शन किंवा टोफासिटिनिबच्या गोळ्या असे पर्याय सांगितले आहेत. त्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची रक्ततपासणी आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी करून यायला सांगितले आहे.

वडिलांचे म्हणणे असे की, ज्या गोळीने हमखास गुण येतो तीच थोड्या प्रमाणात कायम चालू ठेवावी, किंवा सगळे बंद करून वैद्यांचे औषध घ्यावे. पोटाच्या आजारासाठी छातीचा एक्स-रे कशाला, हेही त्यांना पटत नाही. भाऊ स्वतः फार बोलत नाही; एनिमा लिहून दिला होता, तो त्याने एकदाही घेतला नाही. या विषयातील जाणकारांनी आणि हा आजार जवळून पाहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पोटविकारतज्ज्ञ (पुणे) यांचे उत्तर:

ताई, मी आपल्या भावाला तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी नेमके औषध सुचवणार नाही. आजाराची रीत आणि औषधांमागचा विचार मात्र सविस्तर लिहितो, म्हणजे तुम्हाला वडिलांशी बोलता येईल.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे दोन आजार मिळून इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आयबीडी, हा गट होतो. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) नावाचा जो सर्वपरिचित त्रास आहे त्याच्याशी याची गल्लत करू नये. आयबीएसमध्ये आतड्याला जखमा होत नाहीत आणि शौचातून रक्त पडत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो, तिथून सलगपणे वर सरकतो, आणि मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्येमध्ये निरोगी भाग सोडून होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत शिरतो; म्हणून त्यात आतडे अरुंद होणे किंवा भगंदर होणे हे प्रकार दिसतात. दोन्हींत मूळ घोटाळा रोगप्रतिकारशक्तीचा आहे. आतड्यात कायम वस्तीला असलेल्या निरुपद्रवी जिवाणूंविरुद्ध ती अवाजवी आणि न थांबणारा दाह सुरू ठेवते. काही जनुके त्याला अनुकूल असतात (त्यांपैकी नॉड-२ या जनुकाचा क्रोन्सशी असलेला संबंध २००१ साली कळला), पण केवळ जनुकांमुळे आजार होत नाही. खाण्यात काही चुकले किंवा कुणी मनाला लावून घेतले म्हणून तो होत नाही, हे घरच्यांनी रुग्णाला आवर्जून सांगावे.

आता स्टेरॉइडबद्दल. १९५५ साली ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी या आजारातील कॉर्टिसोनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि तीव्र झटक्यात दगावणाऱ्या रुग्णांच्या उपचाराला प्रथमच भक्कम आधार मिळाला. वडिलांना जो हमखास गुण दिसतो तो खराच आहे. परंतु उसळलेला आजार शांत करणे आणि शांत झालेला आजार तसाच राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम स्टेरॉइड करत नाही. पुढच्या दहा वर्षांतल्या चाचण्यांतच हे दिसून आले होते. थोडी मात्रा कायम चालू ठेवली तर आजार उलटायचा तो उलटतोच, शिवाय हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढणे, मोतीबिंदू आणि जंतुसंसर्ग यांची जोखीम महिन्यागणिक वाढत जाते. सुरू केल्यापासून तीन महिन्यांत प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमच्या खाली आणता येत नसेल, किंवा बंद केल्यापासून तीन महिन्यांत आजार परतत असेल, तर त्याला आम्ही स्टेरॉइडवर अवलंबून असलेला आजार म्हणतो. तुमच्या वर्णनावरून भाऊ त्या अवस्थेत आहेत आणि त्यांच्या डॉक्टरांनी पुढचा विचार योग्य वेळी मांडला आहे. मात्र वडिलांच्या दुसऱ्या सूचनेप्रमाणे स्टेरॉइड एकदम बंद करण्याची चूक कृपया होऊ देऊ नका. अनेक आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, आणि अचानक थांबवल्यास रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकते. ते घेत असेपर्यंत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सोबत असावे.

पुढच्या औषधाकडे वळण्याआधी दोन गोष्टी मी माझ्या रुग्णाच्या बाबतीत निश्चित पाहिल्या असत्या. पहिली म्हणजे, हा उलटलेला आजारच आहे, की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचा किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग वर चढला आहे. शौचाच्या तपासणीने आणि छोट्या दुर्बिणीने तुकडा घेऊन हे कळते. दुसरी म्हणजे, मेसालामिनला खरोखर पुरी संधी मिळाली का? पूर्ण मात्रेतील गोळ्या आणि एनिमा हे दोन्ही एकत्र घेतले तर नुसत्या गोळ्यांपेक्षा गुण स्पष्टपणे अधिक येतो. तुमच्या भावाने एक मध्येच सोडले आणि दुसरे घेतलेच नाही, ही माहिती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितली पाहिजे, कारण तीवर पुढचा निर्णय बदलू शकतो.

ॲझाथायोप्रिन स्वस्त आहे आणि बऱ्याच रुग्णांना वर्षानुवर्षे सांभाळते, पण त्याचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि तोवर दुसरा आधार लागतो. आपल्याकडील काही लोकांत एनयूडीटी-१५ या जनुकाचा असा प्रकार असतो की नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात आणि केस झपाट्याने गळतात. त्या जनुकाची चाचणी आधी करून घेता आली तर उत्तम. ती होवो वा न होवो, सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ताची तपासणी वरचेवर करावीच लागते. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, आणि नंतर दर आठ आठवड्यांनी देतात. ते लवकर काम करते. खर्च मात्र मोठा असतो, जरी आता बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळत्याजुळत्या) आवृत्त्यांमुळे तो पूर्वीइतका राहिलेला नाही. टोफासिटिनिब या गोळ्या आहेत, भारतात जेनेरिक रूपात मिळत असल्याने इंजेक्शनांच्या मानाने बऱ्याच स्वस्त पडतात आणि परिणामही लवकर दाखवतात. परंतु नागीण उठण्याची आणि काही रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची जोखीम ध्यानात घ्यावी लागते. व्हेडोलिझुमॅब हे औषध मुख्यतः आतड्यापुरतेच काम करते, म्हणून संसर्गाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित, पण त्याचा गुण सावकाश येतो.

छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी यांचे कारण असे. आपल्या देशात कित्येक निरोगी माणसांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात आणि शरीराने त्यांच्याभोवती पेशींची तटबंदी उभारलेली असते. ती तटबंदी टिकवण्यात टीएनएफ या रेणूचा मोठा वाटा असतो. इन्फ्लिक्सिमॅब नेमके त्याच रेणूला अडवते. आतड्याचा दाह त्यामुळे शमतो, पण तटबंदी ढासळून जंतू बाहेर पडू शकतात, आणि असा क्षय पुष्कळदा फुप्फुसाबाहेर, सर्व शरीरात पसरलेला आढळतो. टोफासिटिनिबच्या आधीही ही तपासणी करतातच. सुप्त क्षय आढळला तर त्यावरचे औषध सुरू करून साधारण महिनाभरानंतर इंजेक्शन देता येते. स्टेरॉइड चालू असताना या चाचण्या खोट्या नकारात्मक येऊ शकतात, म्हणून पुढेही ताप, खोकला किंवा वजन घटणे याकडे दुर्लक्ष करू नये.

एक गोष्ट वेगळी लिहितो, कारण तिथे उशीर परवडत नाही. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच होत असेल आणि सोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली यांपैकी एकही असेल, तर तो तीव्र झटका समजून त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे. तिथे शिरेतून स्टेरॉइड देतात, तिसऱ्या दिवशी प्रतिसाद पाहतात, आणि तो नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन किंवा शस्त्रक्रिया यांचा निर्णय घेतात. रक्त पडत असलेल्या रुग्णाला रक्त पातळ करणारे हेपॅरिन दिलेले पाहून नातेवाईक हबकतात. परंतु या झटक्यात शिरांमध्ये गुठळ्या होण्याचा धोका खरा असतो आणि ते इंजेक्शन त्यासाठीच असते.

जुना सहप्रवासी (ठाणे) यांचे उत्तर:

मला हा आजार कॉलेजात असताना झाला आणि आज माझी मुले कॉलेजात आहेत. डॉक्टरसाहेबांनी शास्त्र सांगितलेच आहे. मी फक्त तुमच्या भावाच्या न बोलण्याविषयी लिहितो, कारण त्यातले बरेचसे मला ओळखीचे वाटते.

सत्ताविशीतल्या मुलाला कळ आवरत नाही, एसटीत बसताना पुढचा थांबा कुठे आहे याचाच विचार मनात असतो, ऑफिसात मीटिंगमधून उठावे लागते, आणि यातले काहीही कुणाला सांगता येत नाही. अशा वेळी गोळ्या रोज आठवण करून देतात की आपण आजारी आहोत. बरे वाटले की पहिली इच्छा होते ती गोळ्या कपाटात ढकलण्याची. त्याला रागावून उपयोग नाही. परंतु एक आकडा त्याच्यासमोर जरूर ठेवा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यात आले. मेसालामिन नियमित घेणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांचा आजार शांत राहिला, टाळाटाळ करणाऱ्यांत तेच प्रमाण ३९ टक्के होते. मला हे आकडे पहिल्यांदा समजले त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा माझ्या दात घासायच्या ब्रशशेजारी असतो.

एनिमाविषयी कुणीच नीट सांगत नाही, म्हणून लिहितो. रात्री झोपण्यापूर्वी शौचास जाऊन यावे. बाटली थोडा वेळ हातात धरून ठेवावी, म्हणजे औषध गार लागत नाही आणि लगेच कळ येत नाही. बाटली नीट हलवून घ्यावी, अंथरुणावर जुना टॉवेल पसरावा, डाव्या कुशीवर वळून उजवा गुडघा पोटाशी घ्यावा, टोकाला थोडे पेट्रोलियम जेली लावावे आणि बाटली सावकाश दाबावी. घाईने दाबली तर सगळे बाहेर येते. निदान अर्धा तास तसेच पडून राहावे; रात्रभर आत राहिले तर फारच छान. पहिले काही दिवस औषध टिकत नाही, कारण सुजलेले गुदाशय काहीच धरून ठेवू शकत नाही. सूज उतरू लागली की ते आपोआप टिकू लागते. कपड्यांवर आणि चादरीवर तपकिरी डाग पडतात, तेवढे आधी माहीत असावे. ज्या जागी जखम आहे तिथेच औषध पोहोचवणारा याइतका थेट मार्ग दुसरा नाही, आणि बहिणीने नव्हे तर एखाद्या पुरुष नातेवाइकाने किंवा मित्राने हे त्याला समजावले तर त्याचा संकोच कमी होईल असे मला वाटते.

डोकेदुखी किंवा पाठदुखीसाठी दुकानातून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, एवढेही त्याला सांगा. आजार भडकवायला त्या कारणीभूत होऊ शकतात. गरज पडली तर पॅरासिटामॉल चालते.

एक आई (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर:

टीबीच्या तपासणीबद्दल आपल्या वडिलांना जी शंका आली तीच आमच्या घरात वेगळ्या रीतीने आली होती. माझ्या मुलाच्या पोटात उजव्या बाजूला खाली दुखत असे, वजन उतरत होते आणि संध्याकाळी ताप येई. दुर्बिणीत लहान आतड्याच्या शेवटी, मोठे आतडे सुरू होते तिथे, व्रण दिसले. ती जागा अशी की आतड्याचा क्षयही तिथेच होतो आणि क्रोन्सही तिथेच होतो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १९३२ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांनाही तो क्षयापासून वेगळा काढून दाखवावा लागला होता, असे आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. तुकड्याच्या तपासणीत आणि जीनएक्स्पर्ट या क्षयाच्या जनुकीय चाचणीत जंतू सापडले नाहीत, पण ते न सापडणे म्हणजे क्षय नाही असे ठरत नाही. म्हणून आधी क्षयाची औषधे दिली गेली आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकून पाहिले. क्षय असता तर व्रण भरलेले दिसले असते. ते तसेच होते, आणि मग क्रोन्सचे निदान पक्के झाले.

आमचे नातेवाईक आजही म्हणतात की ते महिने फुकट गेले. मला तसे वाटत नाही. क्षय असताना क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली असती तर मुलाचे प्राण धोक्यात आले असते; उलट दिशेची चूक त्या मानाने भरून काढता येण्यासारखी होती. औषधांना गुण येत नाही हे दिसल्यावरही क्षयाचा कोर्स तसाच पुढे रेटत राहिले असते, तर मात्र ते चुकीचे ठरले असते, कारण तेवढ्या काळात क्रोन्समध्ये आतडे अरुंद होत जाते. ताई, तुमच्या भावाचे निदान वेगळे आहे, पण त्या तपासण्या मुळीच टाळू नका.

आहारतज्ज्ञ (नाशिक) यांचे उत्तर:

आहाराविषयी आपण विचारलेले नाही, तरीही लिहिते, कारण वैद्यांचे औषध म्हटले की बहुधा पथ्याची लांबलचक यादी सोबत येते. माझ्याकडे येणारे कोलायटिसचे निम्मेअधिक रुग्ण आजारापेक्षा पथ्याने खंगलेले असतात. दूध बंद, डाळ बंद, भाकरी बंद, मांसाहार बंद, आणि उरतो फक्त मऊ भात आणि ताक. त्यावर महिनोन्महिने राहिलेल्या माणसाचे स्नायू झडतात आणि रक्तही वाढत नाही.

आजार उसळलेला असताना मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, साल काढून शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा, अंडी, उकडलेला बटाटा, केळे आणि ताजे ताक असा सौम्य आहार घ्यावा; ठेचा, तळण, कच्च्या कोशिंबिरी आणि अख्खी कडधान्ये तात्पुरती बाजूला ठेवावीत. आजार शांत झाला की टप्प्याटप्प्याने भाकरी, पालेभाज्या, उसळी पुन्हा सुरू कराव्यात. दूध प्यायल्यावर खरोखर पोट फुगत असेल तरच ते टाळावे. सरसकट बंद करण्याचे कारण नाही. दाहाच्या काळात प्रथिनांची गरज वाढते, म्हणून अंडी, मासे, पनीर, डाळ यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. हिमोग्लोबिन कमी असेल तर उसळलेल्या आजारात लोहाच्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत आणि पोटालाही त्रास देतात. अशा वेळी शिरेतून लोह देता येते, ते डॉक्टरांना विचारावे. वर ज्या आईंनी लिहिले आहे त्यांच्या मुलासारखे क्रोन्समध्ये आतडे अरुंद झालेले असेल तर चोथ्याबाबतचे नियम निराळे असतात.

हळदीतील कर्क्युमिन मेसालामिनच्या जोडीला दिल्यास सौम्य ते मध्यम कोलायटिसमध्ये उपयोग झाल्याचे काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे, परंतु ते मूळ औषधाच्या जोडीला दिले होते, त्याच्याऐवजी नव्हे. वैद्यांकडे जायचे असेल तर चालू औषधे न थांबवता जावे, ती कोणती आहेत हे त्यांना दाखवावे, आणि घटक न लिहिलेली पुडी घेऊ नये.

वारणाकाठ (सांगली):

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना टीबीचा मुद्दा वाचून दाखवला. तपासण्या करून घ्यायला ते तयार झाले आहेत. भावाला ठाण्याच्या काकांचे उत्तर पाठवले आहे. एक प्रश्न राहिला, आईने विचारायला लावला आहे. घरात त्याच्या लग्नाचे बोलणे सुरू होते. हा आजार मुलांना होतो का, आणि ही औषधे चालू असताना पुढे अडचण येते का?

पोटविकारतज्ज्ञ (पुणे):

आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण प्रत्यक्षात बहुसंख्य मुलांना तो होत नाही, त्यामुळे केवळ या कारणाने लग्न टाळण्याची गरज नाही. पुरुष रुग्णांत सल्फासॅलाझिन या जुन्या औषधाने शुक्रजंतू तात्पुरते घटतात. औषध बदलले की काही महिन्यांत ते पूर्ववत होतात, आणि मेसालामिनने सहसा तसे होत नाही. मुलगी रुग्ण असेल तर आजार शांत असताना गर्भधारणा व्हावी, मेथोट्रेक्सेट हे गर्भाला अपायकारक औषध आधीच थांबवलेले असावे, आणि बाकीच्या औषधांचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा, भीतीपोटी ती सोडू नयेत. लग्न ठरवताना समोरच्या घराला आजार सांगावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण गोळ्या लपवाव्या लागल्या की त्या चुकतात.

नवे औषध सुरू होण्याआधी भावाच्या लसींचेही विचारून घ्या. हिपॅटायटिस बी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेता येतात. कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना देत नाहीत, आणि जास्त मात्रेतील स्टेरॉइडही त्यांतच धरले जाते. आजार सुरू होऊन आठ वर्षे झाली की, त्रास असो वा नसो, आतड्याच्या कर्करोगाची आगाऊ चाहूल घेण्यासाठी दुर्बिणीची तपासणी ठरावीक अंतराने करावी लागते. ते वर्ष आत्ताच फाईलवर लिहून ठेवा. आणि पुढच्या भेटीत शौचातील कॅल्प्रोटेक्टिनची तपासणी सुचवली गेली तर ती करून घ्या. रक्त थांबल्यावरही आतला दाह शिल्लक आहे का हे तीवरून कळते. २५० च्या वर आकडा आला तर दाह चालू असण्याची शक्यता मोठी असते, मग भाऊ कितीही ठणठणीत वाटत असले तरी औषध कमी करण्याची ती वेळ नसते.